डिझेल फिल्टर खोलण्यापूर्वी

कॉमन रेल पद्धतीच्या डिझेल ट्रकमध्ये इंजिन बंद केले तरी इंधनाचा दाब लगेच उतरत नाही. चालत्या इंजिनाच्या रेलमध्ये, म्हणजे सर्व इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या सामाईक नळीत, तो १६०० बारपर्यंत, कधी त्याहूनही वर जातो. अशा दाबाची बारीक धार हातमोजा भेदून कातडीत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसली तरी तातडीने शस्त्रक्रिया लागू शकते. म्हणून ट्रकच्या पुस्तिकेत सांगितला असेल तेवढा वेळ थांबावे आणि रेलच्या पाइपांचे नट मुळीच ढिले करू नयेत. फिल्टर सहसा कमी दाबाच्या बाजूला असतो. तिथे खाली ट्रे ठेवून, डोळ्यांना चष्मा लावून, हवा काढायच्या स्क्रूभोवती फडके धरावे आणि तो सावकाश सैल करावा. जोर ओसरून डिझेल नुसते ठिबकू लागले, की मगच फिल्टर खोलावा.