विषयाबाहेरचा प्रश्न

प्रश्नोत्तरांच्या सदराकडे येणाऱ्या पत्रांची छाननी आमच्याकडे आहे. वारसनोंद, मोजणी, कर्ज यांविषयींचे प्रश्न 'शेतीशास्त्राबाहेरचे' म्हणून आम्ही बाजूस ठेवतों. नाहींतर करपा व खोडकिडा यांस सदरांत जागाच उरावयाची नाहीं. नियम योग्यच, परंतु यंदा तो एका वाचकास भोंवणार होता.

डोंबिवलीजवळच्या या गृहस्थांनीं विचारलें, "भात पिवळें पडलें, कोणतें खत द्यावें?" मागील पानावर शेजारच्या जमिनींत झालेल्या भरावाची तक्रार होती. ती विषयांतर समजून आम्हीं तांबड्या शाईनें खोडली आणि खताचें उत्तर लिहावयास बसलों. मग ध्यानांत आलें कीं, भरावानें ओहोळ बुजून रोपें आठवडाभर पाण्याखालीं आहेत. तेथें युरिया काय करणार? खोडलेला मजकूरच खरा प्रश्न होता.

शेतांतील पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कोणी बेकायदा अडवून पिकाचें नुकसान केल्यास, 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम 5 अन्वयें तो अडथळा काढविण्याचा अधिकार मामलेदारांस, म्हणजे हल्लींच्या तहसीलदारांस, आहे. मात्र दावा कारण घडल्यापासून सहा महिन्यांचे आंत लावावा लागतो. भराव वैशाखांतला, पत्र भाद्रपदांतलें! अंकाची वाट न पाहतां आम्हीं त्याच दिवशीं टपालानें कळविलें. दावा मुदतींत दाखल झाला.

वारसनोंदीचीं पत्रें पूर्ववत् परतच जातील; तें काम चावडीवरचें. पण पिकाविषयीं लिहितांना पाणी केव्हांपासून सांचलें व बांधापलीकडे काय बदललें, तेंही वाचकांनीं तारखेसह लिहावें.