फोटो काढणे आणि फोटो ठेवणे

राजा दीनदयाळ हे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार होते. सिकंदराबादला त्यांचा स्टुडिओ होता. त्या काळी फोटो काचेवर उतरत. दीनदयाळ १९०५ साली वारले. पण त्यांच्या स्टुडिओतल्या २,८५७ काचा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ साली घेतल्या. काचा जपल्या गेल्या, म्हणून तेव्हाचे हैदराबाद आज आपल्याला पाहता येते.

काचेवर उतरलेला फोटो काचेवरच राहत असे. संगणकाचे तसे नाही. कॅमेऱ्याने टिपलेले चित्र आधी फक्त मेमरीत असते आणि प्रोग्राम बंद होताच नाहीसे होते. म्हणून टिपणे व साठवणे ही दोन कामे प्रोग्रामला वेगवेगळी सांगावी लागतात. पायथन भाषेत, ओपनसीव्ही या मोफत मिळणाऱ्या साधनाने हे असे करता येते.

१) कॅमेरा उघडा. पहिल्या कॅमेऱ्याचा क्रमांक एक नसून शून्य असतो. तो खरोखर उघडला का, हे तपासा.

२) चित्र वाचा. 'रीड' ही आज्ञा दोन गोष्टी देते : चित्र मिळाले की नाही हे उत्तर, आणि चित्र. सुरुवातीची काही चित्रे अनेकदा काळपट येतात, कारण कॅमेरा उजेडाशी जुळवून घेत असतो. ती सोडून द्यावीत.

३) चित्र साठवा. ६४० × ४८० ठिपक्यांच्या रंगीत चित्रात प्रत्येक ठिपक्यासाठी तीन, म्हणजे एकूण ९,२१,६०० आकडे असतात. 'इमराइट' ही आज्ञा ते फाईलमध्ये लिहिते. नावाच्या शेवटी जेपीजी लिहिल्यास फाईल लहान होते, पण बारकावे थोडे कमी होतात. पीएनजी लिहिल्यास सर्व आकडे जसेच्या तसे राहतात.

४) कॅमेरा मोकळा करा, म्हणजे तो दुसऱ्या प्रोग्रामला वापरता येईल.

येथे दोन धोके लक्षात ठेवा. त्याच नावाची फाईल आधीपासून असेल, तर ती न विचारता पुसून तिच्या जागी नवी लिहिली जाते. म्हणून नावात तारीख आणि वेळ घालावी. तसेच दिलेला फोल्डरच नसेल, तर प्रोग्राम न थांबता फक्त 'नाही' असे उत्तर देऊ शकतो. ते उत्तर पाहिले नाही, तर फोटो साठवला गेला असा आपला समज होतो, आणि फाईल मात्र नसते.

पालकांनाही आमची एक विनंती आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी आजोबा-पणजोबांची मोडीतली पत्रे आणि जुने फोटो असतील. कागद दरवर्षी जीर्ण होत जातो. सुट्टीत मुलांकडून ही पत्रे टिपून घ्यावीत, पीएनजीमध्ये साठवावीत आणि त्यांच्या प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. साठवलेली फाईल उघडून पाहिल्याशिवाय मूळ कागद आत ठेवू नये. आणि मुलांनो, माणसाचा फोटो टिपायचा असेल, तर आधी त्याला विचारावे.