पोर्शे ९४४: क्लच गेला की क्लचचा मास्टर सिलिंडर?

रिव्हर्स टाकताना करकर, सिग्नलला पहिला गिअर पडता पडत नाही, आणि पेडल अर्ध्यापर्यंत पोकळ. जुन्या पोर्शे ९४४ मध्ये ही लक्षणं दिसली की मालक लगेच म्हणतो, ‘क्लच प्लेट गेली.’ या गाडीच्या बाबतीत इतका महाग पडणारा गैरसमज दुसरा नाही.

महाग का, हे गाडीच्या मांडणीत आहे. १९८२ ते १९९१ या काळात निघालेल्या ९४४ मध्ये चार सिलिंडरचं इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी आहे. दोघांना जोडणारा शाफ्ट एका लांब नळीतून, टॉर्क ट्यूबमधून जातो. गिअरबॉक्स मागे म्हणजे क्लचही मागेच असणार, असं अनेकांना वाटतं. अल्फा रोमिओ ७५ मध्ये ते खरंही आहे, पण ९४४ चा क्लच पुढे, इंजिनलाच लागून आहे. त्यामुळे प्लेट बदलायची तर आधी एक्झॉस्ट उतरवा, मग गिअरबॉक्स सोडवा, टॉर्क ट्यूब मागे ओढा, आणि तेव्हा कुठे बेलहाउसिंग हाती लागतं. पायाचा दाब ऑइलमार्फत क्लचपर्यंत पोहोचवणारा मास्टर सिलिंडर मात्र पेडलच्या पलीकडे, फायरवॉलवर बसवलेला एक छोटा भाग आहे. तो बदलायला गाडी उचलून तिचा कणा सोडवावा लागत नाही. म्हणून आधी निदान पक्कं करायला हवं, आणि ते अवघडही नाही.

झिजलेली प्लेट घसरते. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचे आरपीएम चढतात, पण वेग वाढत नाही. हायड्रॉलिक बिघाडात उलट होतं: क्लच सुटतच नाही, म्हणून गिअर अडतात. त्या काळच्या बहुतेक गिअरबॉक्सप्रमाणे रिव्हर्सला सिंक्रोमेश नसला, तर करकर आधी तिथेच ऐकू येते. तीन-चार वेळा पेडल मारल्यावर गिअर गुपचूप पडत असेल, तर संशय थेट सिलिंडरवर किंवा लाइनमधल्या हवेवर घ्यावा. झिजलेली प्लेट पेडल मारून बरी होत नाही. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. ९४४ च्या मूळ प्लेटच्या मध्यभागी रबर होतं, आणि वयोमानाने ते फाटतं. तेव्हा गाडी सोडता-धरताना ठक्कन धक्का बसतो, मागे-पुढे ढिलेपणा जाणवतो. असं असेल तर मोठं काम टळत नाही.

‘डब्यातलं ब्रेक ऑइल कमी झालेलं नाही, म्हणजे सिलिंडर ठीक आहे.’ हे मी अनुभवी मेकॅनिककडूनही ऐकतो, आणि तेच सगळ्यात जास्त फसवतं. सिलिंडरमधल्या पिस्टनवर दोन सील असतात. मागचं सील गेलं तर ऑइल बाहेर येतं आणि पुशरॉडवरून पेडलकडे, गालिच्यावर उतरतं. पुढचं सील गेलं तर एक थेंबही बाहेर पडत नाही. दाबाखालचं ऑइल सीलच्या कडेने मागच्या बाजूला निसटतं आणि पुन्हा डब्यात जातं. पातळी तशीच राहते, पेडल मात्र पायाखाली हळूहळू बसत जातं. तपासायचं असेल तर सपाट मोकळी जागा बघा, हँडब्रेक घट्ट ओढा, ब्रेकवर पाय तयार ठेवा. पहिला गिअर टाकून क्लच पूर्ण दाबून धरा. काही सेकंदांनी गाडी पुढे ओढू लागली, तर दाब आतल्या आत निसटतोय. दोष मास्टरचा की स्लेव्हचा, म्हणजे क्लचपाशी बसून रॉडने तो सोडवणाऱ्या खालच्या सिलिंडरचा, हे ठरवायला दुसऱ्या माणसाला खाली बघायला सांगा. स्लेव्ह कोरडा आहे, लाइनमध्ये हवा नाही, आणि तरी पेडल दाबून धरल्यावर त्याचा रॉड परत सरकतोय, तर दोष वरच्या सिलिंडरचा.

ब्रेकची भीती मात्र थोडी समजून घ्यावी लागते. ९४४ मध्ये क्लचला वेगळा डबा नाही. ब्रेकच्याच डब्यातून कापडी वेष्टणाची निळी नळी मास्टर सिलिंडरला जाते. क्लच गळला की ब्रेकही जाणार, असं म्हणून लोक घाबरतात. अशा सामायिक डब्यात क्लचचं तोंड वरच्या बाजूला काढलेलं असतं, जेणेकरून गळती झाली तरी ब्रेकपुरतं ऑइल खाली शिल्लक राहावं. तरीही गळकी गाडी रोज चालवणं मला मान्य नाही. गळती नेमकी कुठून आहे हे कळेपर्यंत ती ब्रेकचीही असू शकते.

नुसतं सीलचं किट टाकून भागेल का? आतली भिंत आरशासारखी असेल तर भागतं. पण सगळ्यात नवी ९४४ सुद्धा आज तीस वर्षांपुढे गेली आहे, आणि ओलावा शोषलेल्या ऑइलने धातूला बारीक खड्डे पाडलेले असतात. नवं सील त्या खड्ड्यांवर घासून पुन्हा जातं. माझं मत स्पष्ट आहे: सिलिंडर नवा घ्यावा, आणि सोबत स्लेव्ह व त्याकडे जाणारी रबरी होजही बदलावी. मास्टर इतक्या वर्षांनी गेला असेल, तर त्याच वयाचा स्लेव्ह फार दिवस साथ देणार नाही.

ऑइलच्या बाबतीत आकडा मोठा म्हणजे दर्जा वरचा, असं समजून डॉट ५ घेतलं जातं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं. डॉट ३, ४ आणि ५.१ ग्लायकॉलवर आधारलेली. या दोन घराण्यांची मिसळ चालत नाही. इथे डॉट ४ पुरेसं आहे. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो आणि पाणी शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो, म्हणून वर्षभर उघडा राहिलेला डबा वापरू नये. इंजिन ऑइल तर थेंबभरही नको. त्याने सील फुगतात, आणि डबा सामायिक असल्यामुळे ब्रेकचीही वाट लागते. ग्लायकॉल रंगही खातं. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी फेंडर झाका आणि थेंब पडलाच तर लगेच पाण्याने धुवा.

प्रत्यक्ष कामात हात अडतो तो पेडलखाली. सिलिंडरचे नट आतून, पायाशी आहेत. तिथे लांब एक्स्टेंशन आणि युनिव्हर्सल जॉइंट लागतो. धातूच्या पाइपच्या नटाला साधा पाना लावू नका, कोपरे गोल होतात; फ्लेअर नटचा पाना घ्या.

मग येते एअर काढण्याची पाळी, आणि इथेच बरेच जण नवा सिलिंडर खराब निघाला असं ठरवून मोकळे होतात. नवा भाग बसवल्यावर पेडल जमिनीला चिकटून राहणं या गाडीत नेहमीचंच आहे. हाताने उचलत राहायचं. पेडल मारून हवा निघत नसेल, तर उलट्या बाजूने जा: स्लेव्हच्या निपलमधून कमी दाबाने ऑइल वर चढवा. बुडबुड्यांना वरच जायचं असतं, त्यांना वाट मिळते. डबा मात्र आधी थोडा रिकामा करून ठेवा, नाहीतर ऑइल वरून सांडेल.

शेवटी पुशरॉड. मारुती ८०० ची केबल ताणायची सवय असलेले हात इथेही पेडलचा सगळा ढिलेपणा काढून टाकतात. तसं करू नये. पुशरॉड आणि पिस्टनमध्ये किंचित मोकळीक राहिली नाही, तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, डब्याकडे जाणारं बारीक छिद्र बंद राहतं, लाइनमध्ये दाब अडकतो आणि चांगली प्लेटही घसरू लागते. दुसऱ्या दिवशी थंड गाडीत पेडल पुन्हा तपासा, पुशरॉडभोवती कोरडं फडकं फिरवा, आणि ओल नसेल तरच गालिचा परत बसवा.