मोटारीचा अन्नमार्ग

२०२५ सालच्या नवरात्रांत आमचा पुतण्या आपली मोटारगाडी घेऊन पुण्याहून तलवाड्यास आला. आमच्या ग्रामदेवतेचें नांवच त्वरिता. तेव्हां तिच्या दर्शनास येणाऱ्यास वेगाचें वेड असावें यांत नवल नाहीं! परंतु अंगणांत गाडी उभी राहतांच आमच्या वहिनींनीं नाकास पदर लावला. पेट्रोलचा वास येत होता. आणि त्याच गाडींतून घरचीं तीन मुलें गेवराईहून आलीं होतीं.

पाहतां, इंजिनाजवळील एक जुनी रबरी नळी थेंब थेंब पाझरत होती. गाडींत टर्बो बसविला होता, पेट्रोलचा पंपहि मोठा घातला होता; नळ्या मात्र होत्या त्याच ठेविल्या होत्या. ज्या कारागिरानें हें केलें त्याचें नांव घेण्याची आम्हांस इच्छा नाहीं. गाडीचा दम वाढविण्याची हौस आज खेड्यापाड्यांतहि पोंचली आहे, म्हणून या निमित्तानें जें समजून घेतलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

इंजिन हें एक प्रकारचें जठरच होय. एक भार पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारें १४.७ भार हवा लागते. टर्बो म्हणजे हवा कोंबणारा भाता. हवा वाढली आणि तिच्या प्रमाणांत इंधन वाढलें नाहीं, तर मिश्रण दुर्बळ होतें. आंतील उष्णता वाढते, इंधन अवेळीं पेटतें, व प्रसंगीं दट्ट्या वितळूनहि जातो. अति खाण्यानें जठर बिघडतें हें खरें. पण अशा गाडीचा घात बहुधा उपासानें होतो.

जुन्या पद्मिनी गाडींत इंजिनाच्याच गतीनें हालणारा साधा पंप असे. आतां टाकींत विजेचा पंप असतो, आणि पुष्कळ गाड्यांत तो सुमारें ३ बार दाबानें पेट्रोल इंजेक्टर नांवाच्या बारीक पिचकाऱ्यांकडे ढकलतो. खरी मेख येथेंच आहे. टर्बोनें वाढलेला हवेचा दाब पिचकारीच्या तोंडावर उलट रेटतो. म्हणून पेट्रोलचा दाबहि तितकाच वाढवावा लागतो, आणि दाब वाढला कीं पंपाचा पुरवठा घटतो. विहिरीवरची मोटर उंचावर पाणी चढवितांना कमी पाणी देते, हें आमच्या शेतकरी बंधूंस सांगावयास नको. इंजिनास सर्वांत अधिक भूक लागावी, आणि नेमका तेव्हांच वाढणाऱ्याचा हात आखडावा! पंपाची तार बारीक असली तर विजेचा दाब पडून तो आणखीच मंदावतो. म्हणून पंप, तार, गाळणी, नळ्या, दाबनियंत्रक व पिचकाऱ्या यांचा हिशेब एकत्र करावा लागतो, आणि शेवटीं गाडीच्या संगणकांत नवें प्रमाण भरावें लागतें. नुसता पंप बदलणें म्हणजे जीर्ण पखालींत पूर भरणें होय.

त्यांत इथेनॉलची भर पडली आहे. पेट्रोलमध्यें २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा देशानें २०२५ मध्यें गांठला. गोदाकांठच्या ऊसवाल्यांस तो हिताचाच. पाण्याचा प्रश्न निराळा. परंतु शुद्ध इथेनॉलच्या एका भारास ९ भारच हवा पुरते, म्हणजे तेवढ्याच हवेस इंधन अधिक लागतें. २० टक्क्यांच्या मिश्रणांत हें प्रमाण सुमारें १३.५ वर येतें. जुन्या पेट्रोलावर बेतलेली गाडी त्यामुळें पूर्ण जोरांत पळतांना अधिकच दुर्बळ मिश्रणावर चालूं शकते. शिवाय जुन्या जातीच्या रबरास इथेनॉल मानवत नाहीं. आमच्या अंगणांतील नळीचें दुखणें कदाचित् हेंहि असावें.

कायद्याचें म्हणाल, तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम कारखान्याच्या मूळ रचनेहून भिन्न बदल करूं देत नाहीं, व जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि तेंच बजाविलें. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या शर्यती झाल्या आहेत. हौस अशा ठिकाणीं भागवावी, रस्त्यावर नव्हे, असें आम्हीं पुतण्यास म्हटलें. तो म्हणाला, "काका, शर्यतीपुरती निराळी गाडी ठेवायला पैसे कुठून आणूं?" यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

दसरा झाल्यावर गाडी ट्रकवर चढवून पुण्यास धाडली, पुतण्या एस. टी. नें गेला. नळ्या बदलल्याचें त्यानें कळविलें आहे. टर्बो ठेवावा कीं काढावा, हें त्याचें अजून ठरलेलें नाहीं. वहिनींचें ठरलेलें आहे.