नाव यंत्र सुचवते, खात्री आपण करावी

नोव्हेंबर २०१४. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरी जी-२० परिषद भरण्यास थोडेच दिवस उरले होते. तेथील इमिग्रेशन खात्यातून ३१ जागतिक नेत्यांचे पासपोर्ट क्रमांक व जन्मतारखा असलेला ई-मेल निघाला आणि एका फुटबॉल स्पर्धेच्या आयोजकांकडे पोहोचला. त्या नेत्यांत भारताचे पंतप्रधानही होते. कारण एवढेच, की संगणकाने आपणहून भरलेले नाव पाठविणाऱ्याने तपासले नाही.

ही सोय केवळ आपली सवय ओळखते. कोणास वारंवार लिहिले, अलीकडे कोणास लिहिले, कोणाकोणास एकत्र लिहिले, यांवरून ती अंदाज बांधते. नेहमीच्या मंडळींत सारख्या नावाचा परका शिरल्यास इशारा देण्याची व्यवस्था जीमेलने २००९ मध्ये आणली. तरीही मजकूर कोणासाठी आहे, हे प्रेषकालाच ठाऊक असते.

पेढीच्या व्यवहारात एकाच नावाचे अनेक व्यापारी असतात. एकाला दिलेला भाव दुसऱ्याच्या हाती पडला, तर वर्षानुवर्षे जपलेला विश्वास क्षणात डळमळतो. म्हणून आधी मजकूर लिहावा, कागद जोडावेत आणि पत्त्याची जागा शेवटी भरावी. नावावर न थांबता संपूर्ण पत्ता वाचावा. वापरात नसलेले पत्ते सूचनांच्या यादीतून काढून टाकावेत. पाठविलेला भाव परत मागता येतो, वाचलेला नाही.