कॅरिबियन सहल : आधी निदान, मग तिकीट

पोर्ट ऑफ स्पेन, ब्रिजटाउन, किंग्स्टन ही नावे आमच्या पिढीला शाळेतील भूगोलापेक्षा क्रिकेटने अधिक शिकवली. १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघाने पोर्ट ऑफ स्पेन येथे वेस्ट इंडिजवर भारताचा पहिला कसोटी विजय मिळवला. त्या सामन्यातील दिलीप सरदेसाईंचे शतक आणि सुनील गावसकरांचे पदार्पण यांच्या कथा वडिलांच्या तोंडून ऐकत आम्ही वाढलो. समुद्रापासून दूर राहणाऱ्या आम्हा इंदूरकरांना ती बेटे एकदा तरी डोळ्यांनी पाहावीत असे वाटणे स्वाभाविकच आहे. मात्र "ते आपल्या खिशाचे काम नाही" असे म्हणून बहुतेक जण विषय सोडून देतात. ही सहल परवडू शकते. अट एवढीच, की नियोजनाचा क्रम चुकता कामा नये. तो चुकवल्याचा भुर्दंड प्रस्तुत लेखकाने स्वतः भरला आहे.

२०२३ च्या मे महिन्यात आम्ही उभयता, मुलगा, सून आणि आठ महिन्यांचा नातू असा पाच जणांचा बेत ठरला. संगणकावर पोर्ट ऑफ स्पेनची अतिशय स्वस्त तिकिटे दिसली आणि सवलत संपेल या धास्तीने मी ती तत्काळ घेऊन टाकली. त्या रात्री जेवताना पत्नीने सहज विचारले, "बाळाला तिकडची काही लस द्यावी लागते का हो?" तीस वर्षे लोकांच्या मुलांना लसी टोचणारा मी घास हातात धरून बसलो.

त्रिनिदाद हे बेट आपल्या सरकारच्या पीतज्वराच्या, म्हणजेच यलो फीव्हरच्या यादीत आहे. तेथून परतणाऱ्याजवळ लसीचा दाखला नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. ही जिवंत विषाणूंची लस आहे. नऊ महिन्यांखालील बाळाला ती सहसा देत नाहीत, सहा महिन्यांखालील बाळाला तर मुळीच नाही. इतक्या लहान बाळाला अंगावर पाजणाऱ्या मातेलाही ती शक्यतो टाळतात. अंड्याची तीव्र अॅलर्जी असणारे आणि साठी उलटल्यावर प्रथमच लस घेणारे यांच्या बाबतीत लाभ व धोका तोलून पाहावा लागतो. म्हणजे आमच्या पाचांपैकी दोघांची वाट तेथेच अडली.

दुसरा धक्का सकाळी बसला. विमान अमेरिकेत बदलायचे होते आणि तेथे केवळ विमान बदलण्यासाठीही व्हिसा लागतो. आमच्यापैकी कोणाकडेही तो नव्हता. तिकिटांचे पैसे परत मिळणारे नव्हते. स्वस्त तिकीट असे सर्वांत महाग पडले. अखेर रीतसर व्हिसा काढून लंडनमार्गे आम्ही बार्बाडोसला गेलो. या अनुभवातून जो क्रम हाती लागला, तो वाचकांपुढे ठेवतो.

पहिली पायरी : प्रवासी कोण? भारतीय पारपत्रधारकाला पर्यटनासाठी बार्बाडोस आणि त्रिनिदाद-टोबॅगो या दोन्ही देशांत नव्वद दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. निघण्यापूर्वी मात्र नियमांची खातरजमा करावी. अडचण येते ती वाटेतल्या विमानतळांवर. लंडनमध्ये एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून निघायचे असेल, तर तेही आधी पाहावे. घरात तान्हे बाळ असेल, तर पीतज्वराच्या यादीत नसलेले बार्बाडोस सोयीचे. सर्वांना लस घेता येत असेल, तर त्रिनिदाद-टोबॅगो खुले आहे. लस शासनमान्य केंद्रातच मिळते. दाखला दहा दिवसांनी ग्राह्य होतो आणि २०१६ पासून तो आजन्म चालतो.

दुसरी पायरी : ऋतू. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत तेथे गर्दीचा हंगाम असतो आणि दर चढलेले असतात. अधिकृत वादळी हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. या दोहोंमधली फट नेमकी आपल्या मुलांच्या उन्हाळी सुट्टीत येते, हे आपले भाग्यच! जुलैत दर उतरले म्हणून मोह होतो. पण २०२४ मध्ये १ जुलैलाच बेरिल वादळाने ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटाची धूळधाण केली, हे विसरू नये.

तिसरी पायरी : एकच देश. चार बेटे पालथी घालण्याच्या हौसेने खर्च फुगतो. तिकिटाचा खर्च मोठा आणि ठरलेला असल्याने एका ठिकाणी दहा-बारा दिवस राहणेच किफायतशीर. बार्बाडोस जेमतेम ३४ किलोमीटर लांब आहे. स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घ्यावे आणि बसने फिरावे; जवळ जा वा दूर, भाडे एकच. सारे किनारे सर्वांना खुले आहेत. त्रिनिदादमध्ये शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत. मऊ तळलेल्या दोन पुऱ्यांमध्ये काबुली चण्याची उसळ घातलेले 'डबल्स' आपल्या सराफ्यातही खपावेत. ३० मे १८४५ रोजी 'फातेल रझाक' जहाजातून पहिले भारतीय मजूर तेथे उतरले. तो दिवस तेथे राष्ट्रीय सुट्टीचा असतो. मात्र गुन्हेगारीमुळे तेथे डिसेंबर २०२४ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये आणीबाणी जाहीर झाली होती. म्हणून ताजी परिस्थिती पाहावी आणि मुक्काम शक्यतो बोटीने गाठता येणाऱ्या शांत टोबॅगोत करावा.

ज्यांची मुले अमेरिकेत आहेत आणि ज्यांच्याजवळ अनेक प्रवेशांचा वैध व्हिसा आहे, त्यांनी ही सहल त्या भेटीलाच जोडावी. मायामीहून ही बेटे काही तासांवर आहेत. खर्च वाचवण्याचा याहून सरळ मार्ग मला दिसत नाही.

बालरोगतज्ज्ञ म्हणून एक इशारा. तेथील किनाऱ्यांवर मँचिनील नावाचे झाड असते. त्याची फळे छोट्या हिरव्या सफरचंदांसारखी दिसतात, पण विषारी असतात. चिकाने कातडीवर फोड येतात. पावसात त्याखाली उभे राहणेही धोक्याचे. बऱ्याच ठिकाणी बुंध्यावर तांबडा पट्टा ओढलेला असतो. मुलांना तो पहिल्याच दिवशी दाखवावा. डेंग्यू तेथेही आहे, म्हणून डासांपासून जपावे. वैद्यकीय विम्यात मात्र काटकसर करू नये.

रुग्णाची हकीकत ऐकल्याशिवाय आपण औषध लिहीत नाही. सहलीच्या बाबतीत मात्र आपण आधी औषध आणतो आणि मग आजार शोधतो. नातू आता मोठा झाला आहे. त्याला लस टोचली, दाखला कपाटात ठेवला आहे. त्रिनिदादचे तिकीट अद्याप काढलेले नाही.