गहाण घरातील भाडेकरू : कायदा आणि त्याची भाषा

मराठी वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर बारीक टंकात छापली जाणारी 'कब्जा सूचना' हा एक उपेक्षित गद्यप्रकारच म्हणावा लागेल. कर्जवसुलीच्या नियमांनुसार ती दोन प्रमुख वृत्तपत्रांत प्रसिद्ध करावी लागते आणि त्यांपैकी एक स्थानिक भाषेतील असावे लागते. तीत कर्जदाराचे व जामीनदाराचे नाव असते, थकबाकीचा आकडा असतो, मालमत्तेच्या चतुःसीमा असतात. त्या चतुःसीमांच्या आत राहणाऱ्या भाडेकरूचा उल्लेख मात्र बहुधा नसतो. 'सर्वसामान्य जनता' या शब्दांतच त्याने स्वतःला शोधावयाचे असते. हा अनुल्लेख केवळ सूचनेच्या भाषेतला नाही. त्याचे मूळ कायद्यात आहे.

'सरफेसी' या नावाने परिचित असलेल्या २००२ च्या कायद्याने बँकांना दिवाणी दाव्याच्या फेऱ्यात न पडता तारण मालमत्तेवर हात टाकण्याची मुभा दिली. कर्ज अनुत्पादक ठरले की कलम १३(२) अन्वये साठ दिवसांची मागणी-नोटीस दिली जाते. मुदतीत रक्कम न भरल्यास ताबा घेता येतो आणि त्यासाठी कलम १४ प्रमाणे दंडाधिकाऱ्याचे साहाय्य मिळते. सूचनेतील 'प्रतीकात्मक ताबा' हा कागदावरचा असतो. तो जाहीर झाला म्हणून त्याच दिवशी घर सोडावे लागत नाही. या साऱ्या रचनेत दोनच पक्ष कल्पिलेले होते, धनको आणि ऋणको. भाडेकरूच्या हक्काविषयी स्वतंत्र तरतूद मूळ कायद्यात नव्हती.

ती उणीव भरून काढण्यासाठी न्यायालयाला १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याकडे वळावे लागले. त्यातील कलम ६५-अ प्रमाणे, गहाण ठेवलेली जागा मालकाच्याच ताब्यात असेल तर ती रीतसर भाड्याने देण्याचा त्याला अधिकार आहे आणि तो भाडेपट्टा बँकेवरही बंधनकारक ठरतो. इमारतीच्या बाबतीत त्याची कमाल मुदत तीन वर्षे. परंतु गहाणखतात याविरुद्ध अट असेल तर हा अधिकार उरत नाही. म्हणजे भाडेकरूचे भवितव्य अशा दस्तावर अवलंबून राहते, ज्यावर त्याची सही नसते आणि जो त्याने सहसा पाहिलेलाही नसतो. वस्तुतः सगळ्या प्रश्नाची गाठ येथेच आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली हर्षद सोंडागर प्रकरणात प्रथमच ही गाठ सविस्तर उकलली. गहाणापूर्वीचा वैध भाडेपट्टा, तसेच गहाणानंतरचा पण कलम ६५-अ ला धरून मागणी-नोटिशीपूर्वी केलेला भाडेपट्टा, बँकेच्या कारवाईने आपोआप संपत नाही. भाडेकरूचे म्हणणे दंडाधिकाऱ्याने ऐकलेच पाहिजे, असा तो निर्णय होता. मात्र एक वर्षाहून अधिक मुदतीचा दावा करणाऱ्यास नोंदणीकृत दस्त दाखवावा लागेल, असेही सांगितले गेले. जुन्या चाळींत पिढ्यान्‌पिढ्या तोंडी करारावर राहणाऱ्यांना ही अट जाचक होती. २०१६ मधील विशाल कलसारिया प्रकरणात न्यायालयाने भाडे नियंत्रण कायद्याखालील संरक्षण अबाधित असल्याचे म्हटले. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यातील कलम ५५ करार नोंदविण्याची जबाबदारी घरमालकावर टाकते. त्याच्या कसुरीची शिक्षा भाडेकरूला कशी देणार, हा त्यामागील विचार न्याय्यच होता. तथापि त्याचा लाभ घेऊन मागील तारखेचे बनावट भाडेकरू उभे करण्याचा मार्ग कर्जदारांना खुला होण्याची भीतीही निराधार नव्हती. २०१९ च्या बजरंग अगरवाल निर्णयात तोल पुन्हा सावरला गेला : नोंदणीविना तोंडी कराराचा आधार घेणाऱ्याला एका वर्षाहून अधिक काळ ताबा राखता येणार नाही.

दरम्यान १ सप्टेंबर २०१६ पासून कलम १७(४-अ) अंमलात आले आणि भाडेकरूला कर्जवसुली न्यायाधिकरणाचे दार उघडले. न्यायाधिकरण चार गोष्टी तपासते : भाडेपट्टा संपला आहे काय, तो कलम ६५-अ च्या विरुद्ध आहे काय, गहाणखताच्या अटींच्या विरुद्ध आहे काय, आणि तो मागणी-नोटिशीनंतर केलेला आहे काय.

आज मुंबई-पुण्यासारख्या शहरांत मात्र अकरा महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स'वर राहणारा वर्ग मोठा आहे आणि बोलीभाषेत 'भाडेकरू' म्हटला तरी तो कायद्याच्या दृष्टीने परवानाधारक आहे. जागेचा नवा मालक अशा परवान्याने बांधला जात नाही. १८८२ च्याच सुखाधिकार कायद्यातील कलम ५९ तसे सांगते. वरील निर्णयांचे संरक्षण त्याच्यापर्यंत जवळजवळ पोहोचतच नाही. २०११ पासून तारणांची केंद्रीय नोंदवही अस्तित्वात आहे आणि शुल्क भरून कोणालाही ती पाहता येते. अनामत देण्यापूर्वी ती पाहणारा विरळाच. ज्याचा भाडेपट्टा खरा आहे, त्याने करार, भाडेपावत्या व वीजदेयके घेऊन पंचेचाळीस दिवसांच्या आत न्यायाधिकरणात अर्ज करावयाचा असतो.